पेझारकर डॉक्टरांच्या दारातलं गाढव

१

रिठदला बदली होऊन आल्यावर रहमीन पेझारकरच्या दिवसाला हळूहळू एक वळण पडलं. सकाळी गुरांचा दवाखाना. दवाखाना म्हणजे बाजाराच्या टोकाला पत्र्याचं छप्पर, ढोर अडकवायचा लाकडी खोडा आणि फिनाईलचा वास. गुरांत बुळकांडीची साथ असली की आसपासच्या गावांतून टोचणी. उन्हं डोक्यावर आली की घर, आंघोळ, जेवण, आणि मग पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत अशी झोप, की त्याची बायको मलका म्हणायची, "बैलांसाठी आणलेलं औषध तुम्ही स्वतःच घेता की काय?"

ही तीस सालानंतरची गोष्ट. वाशीम तालुक्याच्या त्या भागात यहुदी म्हणावं असं हे एकच बिऱ्हाड. गाव भलं होतं, पण ही माणसं नेमकी कोण हे गावाला उमगत नव्हतं. नाव रहमीन, तेव्हा मुसलमान असावा. पण हा शुक्रवारी नमाजाला जात नाही, आणि शनिवारी याच्या घरी चूल पेटत नाही. बायकोचं लुगडं नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र. घरमालक दौलतरावांनी एकदा सरळच विचारून टाकलं होतं.

"डाक्टर, तुमी मुसलमान हा का?"

"नाही."

"मंग किरिस्ताव?"

"नाही हो. आम्ही बेने इस्राएल. अलिबागजवळ पेझारीचे."

"अलिबाग," दौलतराव समाधानानं म्हणाले. "मंग मुसलमानच ना जी."

रहमीननं नाद सोडला होता.

चैत्रातल्या एका दुपारी त्याला खुर्चीत जाग आली. आवाज कसलाच नव्हता. उलट घर नको इतकं शांत होतं. आतल्या खोलीत मलका कलंडली होती. रहमीननं डोळे उघडले तर दाराच्या चौकटीत एक गाढव उभं होतं.

"हड्," तो म्हणाला.

गाढव हललं नाही. गाढव दारात थांबलं तर सावलीला थांबतं, नाहीतर खरकट्याला, हे गुरांच्या डॉक्टरला कुणी सांगायला नको. पण दार पश्चिमेचं. उंबऱ्यावर ऊन नुसतं ओतत होतं. समोरच्या कडुनिंबाखाली बाकीची गाढवं सावलीत डोळे मिटून उभी होती आणि हे एकटं उन्हात. पाठीवर माशा बसल्या होत्या, पण शेपूट हलत नव्हतं.

रहमीननं नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की ते त्याच्याकडे बघतच नाही. त्याच्या खांद्यावरून ते मागे बघत होतं, माजघराच्या दाराकडे.

दिवस कलला तेव्हा ते आपणहून वळलं आणि निघून गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आलं.

२

गाढव नथ्थू कुंभाराचं होतं. चार-सहा दिवसांनी नथ्थूच तणतणत दवाखान्यात आला.

"डाक्टरसायेब, माह्या गध्याले तुमी सुई टोचली का?"

"मी कशाला टोचू?"

"मंग ते तुमच्या दारी काहून जाते? दुपार झाली का दावं तोडून जाते. माती कोन वाहील, मी?"

दोघं मिळून गाढवाला खोड्याजवळ घेऊन आले. रहमीननं दात पाहिले, डोळे पाहिले, पोटाला कान लावला. जनावर ठणठणीत होतं. मग पाठीवरून हात फिरवताना त्याचा हात थांबला.

गोण्या वाहणाऱ्या गाढवाच्या कण्यावर घट्टे पडतात, तसे याच्याही होते. पण त्याखाली, दोन्ही कुशींवर, केस घासून गेले होते. लांबट, खाली निमुळत्या दोन पट्ट्या. घोड्यावर असे डाग त्यानं शंभरदा पाहिले होते. माणसाच्या मांड्यांचे डाग होते ते. कातडी ताजी सोलवटली होती.

"याच्यावर बसतं कोण?"

नथ्थूनं कानाला हात लावले. "गध्यावर कोन बसते जी? मी का चोरी केली का कोनाची बायको पयवली?"

रहमीननं जखमेला मलम लावलं. कुठंतरी भिंतीला अंग घासत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दोन्ही बाजूंनी, बरोबर सारखं, एवढं शहाणं घासणं गाढवाला कसं जमतं, हा प्रश्न त्यानं जेवणानंतरवर ढकलला. आणि जेवणानंतर दारात गाढव होतं.

३

मलकाला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडायची थांबली.

तिचे वडील अलिबागेकडे सिनेगॉगात प्रार्थना चालवायचे. त्यांच्या तोंडून तिनं लहानपणी ऐकलेलं रहमीननंही ऐकलं होतं, पण तो गुरांची पुस्तकं पाठ करण्याच्या नादात विसरला होता. एक दिवस राजा येणार. इस्राएलच्या विखुरलेल्या लेकरांना गोळा करणार. आणि येणार कसा, तर हत्तीवरून नाही, घोड्यावरून नाही. गरीब होऊन, गाढवावर बसून.

"मशीहा?" रहमीन हसला. "रिठदला?"

"हसू नका. बाबा म्हणायचे, तो येतो म्हटलं की आधी हसू नये आणि आधी नाचूही नये. किती जण उठले न् बसले! तुर्कस्तानात तो साबताई झ्वी. त्याच्या नादी लागून लोकांनी घरंदारं विकली, बोचकी बांधली. शेवटी सुलतानानं डोळे वटारल्यावर त्यानं फेटा बदलला आणि मुसलमान झाला. त्याच्या कितीतरी आधी येमेनात एक होता. तो तिथल्या राजाला म्हणाला, माझं डोकं उडव, मी पुन्हा उठतो. राजानं उडवलं."

"मग?"

"मग काय. अजून उठायचाय."

हे चाललं असताना मागच्या दारात सोजरबाई माळीण वांग्याची पाटी घेऊन उभी होती, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ती पदरानं घाम पुसत म्हणाली, "मशीहा म्हंजे कोन वो बाई?"

मलका सरळ होती. तिनं सरळ सांगितलं. "मशीहा म्हणजे ज्याला तेल लावलंय तो."

"पैलवान?"

"नाही गं. देवानं निवडलेला. त्याच्या डोक्याला तेल लावतात."

"तुमचा धंदा मूळचा कोन्ता म्हनत होते तुमी?"

"तेल्याचा. कोकणात आम्हाला शनवार तेलीच म्हणत," मलका म्हणाली, आणि म्हटल्यावर तिनं जीभ चावली.

सोजरबाईनं एकदा दारातल्या गाढवाकडे पाहिलं, एकदा खुर्चीतल्या डॉक्टरकडे. मग पाटी तिथंच ठेवून ती जी गेली, ती वांग्याचे पैसे न्यायलाही आली नाही.

४

आठवड्याचा बाजार झाला आणि गोष्ट गावभर झाली. पहिल्यांदा एक म्हातारी आली आणि डॉक्टरच्या पायाला हात लावून गेली. मग नारळ येऊ लागले. दाराच्या चौकटीवर पेझारकरांनी आपल्या रीतीप्रमाणे एक लहानशी नळी ठोकली होती, आत देवाची वचनं. तिला एका सकाळी हळद-कुंकू लागलेलं दिसलं. पुसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"मी तो नाही," रहमीन येईल त्याला सांगू लागला.

"नाई जी, कसे असान तुमी," लोक म्हणत, आणि जास्तच वाकत.

शेवटी दौलतराव आले. सोबत दोन-चार शेतकरी. दौलतराव खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसले, आणि तेवढ्यानंच रहमीन सावध झाला.

"डाक्टर, बुळकांडीनं पलीकडच्या गावात गोठे खाली झाले. तुमी एक काम करा. त्या गध्यावर बसा अन् गावाले एक येढा मारा."

"दौलतराव, मी लस टोचतोय ना?"

"टोचा ना. टोचाच. पन येढाबी मारा."

"अहो, गाढवावर बसवून तुमच्यात धिंड काढतात!"

दौलतराव थोडे ओशाळले. या मुद्द्यावर गावात दोन दिवस खल झाला होता म्हणे. "ते चोराचं आहे, डाक्टर. चोराले उलटं बसवते. तुमाले सुलटं बसवू. हार घालू. डफडंबी वाजवू, पन चांगलं वाजवू."

"मी बसणार नाही."

"पाह्यलं?" दौलतराव सोबतच्यांना हळूच म्हणाले. "खोटा असता तं कवाच बसला असता."

५

त्या रात्री जेवताना मलकानं दोनच घास खाल्ले. ताट सरकवून म्हणाली, "ते म्हणतात त्यात तथ्य आहे."

"कशात?"

"जितके खोटे निघाले ते सगळे 'मीच तो' म्हणाले. तुम्ही नाही म्हणताय." तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नाआधी पाहायला आलेल्या मुलाकडे पाहिलं होतं. "तसं तुमच्याकडे बघून वाटत नाही म्हणा. सदऱ्याची गुंडी तुटली तर आठ दिवस तुम्हाला कळत नाही."

रहमीन हसला, पण झोप लागली नाही. उन्हात उभं राहून एक मुकं जनावर रोज आपली वाट बघतं, या गोष्टीची त्याला आता भीती वाटू लागली होती. भीतीच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. लाज वाटावी असं. समजा आपण तो असलोच तर?

दुसऱ्या दिवशी किन्हीराजाहून एकानं बैलगाडीत घालून एक गाय आणली. गाय संपल्यातच जमा होती. औषध देऊन झाल्यावर, आसपास कुणी नाही असं पाहून रहमीननं तिच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणाला, "ऊठ."

गाय मेली.

रहमीनला इतकं हलकं वाटलं की गायीच्या धन्यासमोर तोंड पाडताना त्याची पंचाईत झाली. घरी येताना तो शीळ वाजवत होता. आपण तो नाही. तेव्हा गाढवाचं कारण दुसरं आहे, आणि ते शोधलं की संपलं.

६

कारण शोधायला तो त्या दुपारी झोपला नाही. कडुनिंबाच्या मागे, दार दिसेल असा बसला.

गल्ली ओस पडलेली. उन्हानं मातीची घरं पांढुरकी दिसत होती. गाढव वळणावर दिसलं आणि रहमीनला पहिली गोष्ट जाणवली ती त्याची चाल. मोकळं गाढव असं चालत नाही. ते पाय जपून टाकत होतं, मान खाली, पाठ मध्ये दबलेली. ओझं घेतलेल्या जनावराची चाल. पाठीवर काही नव्हतं.

ते दारापाशी थांबलं. मग बाजेवरून जड माणूस उठला की सुंभ जसं वर येतं, तशी त्याची पाठ वर आली. गाढवानं अंग झाडलं, एक श्वास सोडला, आणि दारातून आत बघत उभं राहिलं.

रहमीन उठून उभा राहिला. इतके दिवस त्याला वाटत होतं की गाढव कुणाला तरी न्यायला येतं. ते न्यायला येत नव्हतं. ते आणून सोडत होतं. रोज दुपारी कुणाला तरी त्याच्या घरात सोडत होतं आणि तो बाहेर येईपर्यंत दारात उभं राहत होतं. आणि त्या वेळी घरात रहमीन स्वतः तोंड उघडं टाकून घोरत असायचा. आत मलका निजलेली असायची.

तो हाका मारत धावत घरात गेला. मलका आतल्या खोलीच्या दारात केरसुणी घेऊन वाकली होती.

"काय झालं? ओरडताय कशाला?"

"तू झोपली नाहीस?"

"ही माती झाडतेय. रोज येते बघा या वेळेला. तुमच्या वहाणांची."

रहमीननं खाली पाहिलं. उंबऱ्यापासून माजघरापर्यंत मातीचे ओलसर डाग पडले होते. माती लाल होती. विटेसारखी, पेझारीच्या वाटेवरची.

"मलका," तो हळू म्हणाला, "इथं पंचक्रोशीत सगळी काळी माती आहे."

मलका केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिनं ती भिंतीला टेकवून ठेवली, आवाज न करता. घरात कुणी आजारी निजलेलं असावं तशी.

"म्हणजे इतके दिवस," ती म्हणाली, "आपण त्याला बसही म्हटलं नाही?"

७

"दार लावून घेऊ," रहमीन म्हणाला. "कुलूप घालू. उद्याच बदलीचा अर्ज करतो."

मलकानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पोहे भिजवले, त्यात गूळ-खोबरं घातलं, एलियाहू नबीच्या नावानं करतात तसा मलिदा केला आणि ताट झाकून ठेवलं. घर सारवलं. वेताची खुर्ची पुसून खोलीच्या मधोमध मांडली.

नेमका तोच दिवस दौलतरावांनीही धरला होता. दुपार होता होता दारापुढं सगळा गाव जमला. डफडं वाजत होतं. गाढव आलं, जपून पाय टाकत, आणि गर्दीनं त्याला वाट दिली. दौलतराव हातात झेंडूचा हार घेऊन दारापाशी उभे राहिले.

"डाक्टर, या भायेर! आज सोडत नाई तुमाले!"

रहमीन भिंतीला पाठ लावून आत उभा होता. बाहेर गाव, आत काय ते ठाऊक नाही, आणि मधे आपण. कुठल्याच बाजूला जायची सोय नव्हती. गाढवाची पाठ वर आलेली त्याला दारातून दिसली.

मलकानं डोक्यावरचा पदर सारखा केला. खुर्चीकडे हात केला आणि पाहुण्याला म्हणावं तसं साधं म्हणाली, "या. बसा."

खुर्ची करकरली.

उन्हात वेत करकरतो, रहमीननं स्वतःला बजावलं. वेत तापतो, ताणला जातो, करकरतो. पण बैठकीचा वेत खाली झोळला होता, आणि तो झोळच राहिला. बाहेर डफड्याचा ठेका चुकला, पुन्हा लागला, आणि मग थांबला.

मलकानं ताट पुढं ठेवलं. वरचं झाकण काढलं. "बाबा सांगून गेलेत की विचारल्याशिवाय कुणाला मानू नकोस. म्हणून विचारते. राग मानू नका. तुम्ही तेच का?"

खोलीत कुणीतरी श्वास घेतला. बोलण्याआधी दमलेला माणूस घेतो तसा.

आणि नेमक्या त्याच क्षणाला, इतके दिवस दारात ब्र न काढलेलं ते गाढव गळा फाडून ओरडलं. घर हादरलं. त्या आवाजाच्या आत दुसरा एक आवाज होता, म्हाताऱ्या माणसाचा, पेझारीच्या बोलीतला. दोनच शब्द असतील. रहमीनच्या कानावर ते स्पष्ट पडले.

त्यानं मलकाकडे पाहिलं. तिचा चेहरा हळद लागलेल्या नवरीसारखा उजळला होता.

वेत वर आला. रहमीनची नजर खाली होती, ती वर उचलायची त्याची छाती झाली नाही. म्हणून त्याला एवढंच दिसलं. उंबऱ्यावरून बाहेर पडणारी एक टाच. भेगाळलेली, फार चाललेल्या माणसाची, लाल चिखलानं भरलेली. मग उंबऱ्यावर नुसतं ऊन होतं.

तो दारात आला. गाढवाची पाठ दबली होती. आणि समोरचा सगळा गाव, त्याच्यासाठी आठ दिवस नारळ फोडणारा गाव, त्याच्याकडे बघत नव्हता. सगळ्यांच्या नजरा गाढवाच्या पाठीच्या हातभर वर लागल्या होत्या. सोजरबाईनं डोक्यावरून पदर घेतला होता. नथ्थू कुंभारानं स्वतःच्याच गाढवाला हात जोडले होते.

"डाक्टर," दौलतराव नजर न काढता म्हणाले, "सरका ना जी जरा. आडवे येता."

रहमीन सरकला. आपल्याला वाईट वाटतंय, हे त्याला त्या भीतीतही कळलं.

८

गाढव परत आलं नाही. म्हणजे नथ्थूकडे होतं, माती वाहत होतं. कुशींवरचे केसही पुढं उगवले. गावाला त्या दुपारविषयी विचारलं तर जो तो म्हणे की ऊन फार होतं. दौलतरावांना तर आपण हार का आणला होता हेच आठवेना. बुळकांडी रिठदात शिरली नाही, पण लस टोचलेली होती, तेव्हा त्याचंही काही सांगता येत नाही.

"तुम्ही ऐकलंत ना, ते काय म्हणाले?" मलकानं त्याच संध्याकाळी विचारलं होतं.

"गाढव ओरडलं."

"त्याच्यात."

"त्याच्यात काही नव्हतं. तू काय ऐकलंस?"

मलका गालातल्या गालात हसली. "तुम्ही आधी सांगा."

तो सांगेना, तेव्हा तीही सांगेना. एवढ्या मोठ्या गोष्टीवर दोन माणसं एका घरात राहून गप्प बसू शकतात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर रहमीननं खरं मानलं नसतं.

पुढं त्यांची कारंज्याला बदली झाली. तिथं शेजारच्या हिरीबाईला या बिऱ्हाडाचं एकच कोडं पडलं होतं. दुपार झाली की मलकाबाई पुढचं दार सताड उघडते. घटकाभरानं डॉक्टर उठतो आणि लावतो. ती पुन्हा उघडते. भांडण नाही, आदळआपट नाही. एकदा न राहवून तिनं मलकाला मागच्या दारी गाठलंच.

"काहून वो बाई, तुमी उघडता अन् ते लावते. दोघांचं काई ठरलं हाय का नाई?"

"मी ऐकलं ते ऐकून कुणीही दार उघडं ठेवील," मलका म्हणाली.

"अन् डाक्टर?"

मलकानं वळून आत पाहिलं. रहमीन जेवता जेवता उठला होता. उष्ट्या हातानं त्यानं दार ओढून घेतलं, कडी घातली. मग क्षणभर पलीकडच्या गल्लीकडे कान देऊन उभा राहिला, आणि वरचा अडसरही सरकवला.